नियंत्रणं उठवली आणि परत आणली: डिसेंबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ मधल्या एका निर्णयाचा अभ्यास

१९४३ नंतरची काही वर्षं गिरणीतून बाहेर पडणाऱ्या कापडावर किंमत छापलेली असे. धोतरजोडी घ्यायला गेलेला माणूस आधी ठाण उलगडून तो शिक्का बघायचा. ज्याला वाचता येत नसे तो शेजारी उभ्या असलेल्याकडून आकडा वाचून घ्यायचा. त्या दरात कापड मिळेलच याची हमी नव्हती. दुकानदार "माल संपला" म्हणायचा आणि तोच माल चढ्या भावाने मागच्या दाराने जायचा. तरीही एक आकडा समोर होता. त्याच्याकडे बोट दाखवून भांडता येत होतं, तक्रार करता येत होती.

१९४८ च्या पूर्वार्धात तो आकडा गेला. धान्यावरचं नियंत्रणही टप्प्याटप्प्याने उठू लागलं होतं. जुलै संपताना कापडावरचं आणि सप्टेंबरमध्ये धान्यावरचं नियंत्रण सरकारला परत आणावं लागलं. स्वतंत्र देशाने आर्थिक धोरणात घेतलेला हा पहिला मोठा निर्णय, आणि पहिली मोठी माघारही. फाळणी आणि निर्वासितांच्या लोंढ्यापुढे तो झाकला गेला, म्हणून आज फारसा कुणाला आठवत नाही. तो नीट उलगडून पाहायला हवा असं मला फार वाटतं, कारण यात दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक होती आणि दोन्ही बाजूंच्या हाती अर्धं सत्य होतं.

सार्वजनिक नोंदीतली माणसं पुढे नावानिशी येतात. गिरण्या, व्यापारी आणि ग्राहक मुद्दाम निनावी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

सुरुवात पैशापासून करावी लागते, कारण त्या वेळच्या चर्चेत नेमका तोच मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून कापड, ताडपत्री, बूट, धान्य आणि पोलाद अशी प्रचंड खरेदी केली. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत. इथल्या कारखानदाराला, शेतकऱ्याला, सैनिकाला मात्र रुपये द्यावे लागत, आणि ते रुपये पौंडांच्या त्या जमेच्या आधारावर छापले जात. युद्धाआधी चलनात साधारण १८० कोटींच्या नोटा होत्या. युद्ध संपल्यावर तो आकडा १,२०० कोटींच्या आसपास गेला होता. लंडनमध्ये आपली सुमारे १,७०० कोटी रुपयांची पौंडशिल्लक साठली होती, पण ती हवी तेव्हा काढून माल आणता येत नव्हता. पैसा इथे आला आणि माल तिकडे गेला.

नोटा सहा-सातपट झाल्या. धान्य आणि कापड मात्र होतं तेवढंच राहिलं. अशा वेळी भाव भडकतात. ते भडकू नयेत म्हणून झाकण लावलं गेलं. १९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात रेशनिंग आलं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मोठ्या शहरांत रेशनिंग करावं, सरकारने धान्य खरेदी करावं आणि राखीव साठा ठेवावा असं सांगितलं. कापडावर दराचा शिक्का आला. झाकणाखाली वाफ कोंडलेलीच होती. अर्थशास्त्रात याला दबलेली महागाई म्हणतात: भाव वर जात नाहीत, त्याऐवजी रांगा लांबतात, दुकानं रिकामी पडतात आणि काळा बाजार फोफावतो.

साचलेला पैसा काढून घ्यायचे काही प्रयत्न झाले. युद्धकाळात जादा नफ्यावर कर होता, तो मार्च १९४६ मध्ये संपला. जानेवारी १९४६ मध्ये ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या, पण एकूण चलनाच्या मानाने त्या नोटा थोड्या होत्या. फेब्रुवारी १९४७ मध्ये अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी अंदाजपत्रकात एक लाखावरच्या व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचवला. एवढा गदारोळ झाला की तो १६ पूर्णांक दोन तृतीयांश टक्क्यांवर आणावा लागला.

आणि निसर्गानेही साथ दिली नाही. १९४६ मध्ये दक्षिणेत दुष्काळी स्थिती होती, शहरांतलं रेशन प्रौढ माणसामागे दिवसाला १२ औंसांवर, म्हणजे साधारण ३४० ग्रॅमवर आलं. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला थोडा जादा वाटा मिळे. १९४६-४७ च्या रब्बीत मध्य भारतातल्या गव्हावर तांबेरा पडला. मग फाळणी झाली. पश्चिम पंजाब आणि सिंध हे गव्हाचे मुलूख गेले. अखंड देशाची सुमारे ८२ टक्के लोकसंख्या इकडे राहिली, धान्याचं उत्पादन मात्र सुमारे ७५ टक्के.

पेच

१९४७ च्या शरद ऋतूत दिल्लीत दोन म्हणणी समोरासमोर आली.

एक म्हणणं महात्मा गांधींचं. ऑक्टोबरपासून प्रार्थनासभांमधून ते वारंवार धान्य आणि कापडावरच्या नियंत्रणांबद्दल बोलत होते. नियंत्रणामुळे लबाडी वाढते, खोटं बोलणं अंगवळणी पडतं, काळा बाजार पोसला जातो आणि नसलेली टंचाई तयार होते, असं ते म्हणत. माणसं स्वतःच्या पायावर उभं राहायचं विसरतात ही त्यांची सगळ्यात मोठी खंत होती. देशात धान्य आहे, सरकारी दर परवडत नाही म्हणून शेतकरी ते बाहेर काढत नाही. दर मोकळा केला की धान्य बाजारात येईल, असा त्यांचा विश्वास होता.

हा नुसता नैतिक उपदेश म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं होईल. त्यांच्याकडे रोज पत्रांचा ढीग येत होता. रेशनिंग मुख्यतः शहरांत होतं; खेड्यातल्या भूमिहीन मजुराच्या हाती शिधापत्रिका नव्हती, त्याला काळ्या बाजाराच्याच भावाने विकत घ्यावं लागायचं. परवाना देणारा कारकून, धान्य वसूल करणारा अधिकारी, कापडाचा कोटा मिळालेला दुकानदार यांची एक साखळीच तयार झाली होती. गांधी जे वर्णन करत होते ते डोळ्यांसमोर घडत होतं.

दुसरं म्हणणं मांडणारे लोक कमी होते आणि त्यांचा आवाजही लहान होता. १९४७ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने वस्तूंच्या किमतींविषयी सल्ला देण्यासाठी एक मंडळ नेमलं. अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला, सनदी सेवेतले मुरलेले प्रशासक. सदस्य होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. या दोघांचं सांगणं असं की नियंत्रणं वाईट चालतात हे मान्य, पण ती वाईट का चालतात ते बघा. ती तुकड्यातुकड्यांनी लावली आहेत. एका पिकाचा दर बांधला आणि शेजारच्या पिकाचा मोकळा सोडला, तर शेतकरी दुसरं पीक घेणारच. एक प्रांत वसुली करतो आणि शेजारचा करत नाही. टंचाई खरी असताना झाकण काढलं तर ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे धान्य, एवढंच होईल. नियंत्रण काढू नका, ते पुरतं आणि एकसूत्री करा.

गाडगीळांची ही बाजू त्यांच्या एकूण विचाराला धरून होती. बाजाराला ते शत्रू मानत नव्हते, पुढे सहकारी साखर कारखानदारीमागे ते ठामपणे उभे राहिले ते काही सरकारीकरणाच्या प्रेमातून नाही. टंचाईच्या काळात मोकळा बाजार कुणाला काय देतो याची त्यांना पक्की जाण होती. दख्खनमधल्या लहान शेतकऱ्यांची पाहणी करत आलेल्या संस्थेचा हा माणूस होता. या भागात लहान शेतकरी पेरणीच्या वेळी स्वतःच धान्य विकत घेतो, हे त्याला दिल्लीतल्या अनेकांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

समोरचे मार्ग

त्या क्षणी ठळकपणे तीन मार्ग टेबलावर होते.

पहिला, गोरवाला-गाडगीळांचा: नियंत्रण ठेवा, घट्ट करा, वसुली थेट शेतकऱ्याकडून घ्या, पिकांचे दर एकमेकांशी जुळवून ठरवा. यासाठी लागणारी यंत्रणा नुकत्याच फाटलेल्या देशात कुठून आणायची, हा या मार्गाचा कच्चा दुवा होता. पंजाबात अधिकारी निर्वासितांच्या छावण्या सांभाळत होते. जी यंत्रणा भ्रष्ट आहे तिच्याच हाती आणखी अधिकार द्यायचे, हे जनतेला पटवणंही अवघड होतं.

दुसरा, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या अध्यक्षतेखालच्या अन्नधान्य धोरण समितीचा. सप्टेंबर १९४७ मध्ये नेमलेल्या या समितीने अंतरिम अहवालात सांगितलं की सरकारने आपली जबाबदारी हळूहळू कमी करावी, रेशनिंगखालची लोकसंख्या टप्प्याटप्प्याने घटवावी आणि आयातीवरचं अवलंबन कमी करावं. मुंबईच्या व्यापारी जगातला सगळ्यात वजनदार माणूस अध्यक्षस्थानी होता, त्यामुळे कल कुठे असेल याचं फार आश्चर्य नव्हतं. पण "हळूहळू" हा शब्द त्यात होता, हे ध्यानात ठेवायला हवं.

तिसरा, लगेच सोडून द्या. गांधींची आच आणि व्यापाऱ्यांची इच्छा वेगवेगळ्या कारणांनी या एका ठिकाणी येऊन भेटली.

चौथा मार्ग याच निर्णयाचा भाग म्हणून कुणी मांडल्याचं दिसत नाही, आणि माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. झाकण काढण्याआधी वाफ कमी करायची. म्हणजे साचलेला पैसा कर, सक्तीची ठेव किंवा चलनबदल अशा एखाद्या वाटेने काढून घ्यायचा, मग दर मोकळे करायचे. हे त्या काळात कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. बेल्जियमने ऑक्टोबर १९४४ मध्येच नोटा बदलून आणि ठेवी गोठवून हे केलं होतं. उलट उदाहरणही ताजं होतं: अमेरिकेत किंमत नियंत्रणाचा कायदा जून १९४६ च्या अखेरीस संपला तेव्हा भाव उसळले. ब्रिटन तर इतकं सावध होतं की युद्धात कधी न लावलेलं पावाचं रेशनिंग त्याने युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये लावलं. दिल्लीत मात्र पैशाचा विचार अर्थखातं करत होतं आणि धान्याचा विचार अन्नखातं. अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी २६ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र भारताचं पहिलं अंदाजपत्रक मांडलं, २६ कोटींहून अधिक तुटीचं. दोनच आठवड्यांनी अन्नमंत्र्यांनी नियंत्रणं उठवण्याची घोषणा केली. महागाईला लगाम घालणारं एक साधन ढिलं होत असताना दुसरं साधनही सोडलं जात होतं.

निर्णय

नोव्हेंबरच्या मध्यावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने नियंत्रणं कमी करण्याच्या बाजूने ठराव केला. १० डिसेंबर १९४७ ला अन्नमंत्री राजेंद्र प्रसाद यांनी धान्यावरची नियंत्रणं क्रमाक्रमाने उठवण्याचं धोरण जाहीर केलं. साखर त्याच महिन्यात मोकळी झाली. जानेवारीत कापडाची पाळी आली. गिरणीमालकांनी आपणहून दर आवाक्यात ठेवण्याची तयारी दाखवली आणि सरकारने त्यावर विश्वास ठेवला. काही महिन्यांत उरलेसुरले निर्बंधही गेले.

सुरुवातीला काही ठिकाणी भाव खरंच उतरले. दाबून ठेवलेला माल बाहेर आला. गांधींकडे तशी पत्रं आली आणि प्रार्थनासभांत त्यांनी ती समाधानाने सांगितली. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली. पुढचं त्यांना बघायला मिळालं नाही. मिळालं असतं तर त्यांनी भूमिका बदलली असती का, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे. चूक उघड कबूल करण्यात त्यांच्याइतका तयार माणूस दुसरा नव्हता.

पुढे काय घडलं

ऑगस्ट १९३९ ची पातळी १०० धरली तर नोव्हेंबर १९४७ मध्ये घाऊक किमतींचा निर्देशांक ३०२ होता. जुलै १९४८ मध्ये तो ३९० च्या घरात पोचला. आठ महिन्यांत साधारण २९ टक्के वाढ.

इथे थांबायला हवं, कारण या आकड्याचं वाचन सोपं नाही. नोव्हेंबरचा ३०२ हा बऱ्याच प्रमाणात बांधलेल्या दरांचा आकडा होता. काळ्या बाजारात जे भाव चालू होते ते त्यात धरलेले नव्हते. नियंत्रण उठल्यावर काळा भाव पांढरा झाला आणि निर्देशांकात दिसू लागला. म्हणजे २९ टक्क्यांतला काही भाग ही महागाईची वाढ नव्हतीच, ती महागाईची उघड नोंद होती. नियंत्रण उठवण्याच्या समर्थकांनी हा मुद्दा काढला असता तर तो बिनतोड होता.

पण तो सगळ्यांना सारखा लागू नव्हता. परळच्या चाळीतलं एक कामगार कुटुंब डोळ्यांपुढे आणा. १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने कापड गिरणीतल्या सगळ्यात खालच्या कामगाराचा मूळ पगार महिन्याला ३० रुपये ठरला होता, त्यावर महागाई भत्ता. हे कुटुंब शिधापत्रिकेवर धान्य घेत होतं. पिशवी घेऊन रांगेत उभं राहणं, मापात मारलं जाणं, ज्वारीत खडे निघणं हे सगळं होतं, पण दर बांधलेला होता. त्यांच्यासाठी सरकारी भाव हाच खरा भाव होता. त्यांना वाढ पूर्ण बसली. ज्यांनी आधीच काळ्या बाजारातून घेतलं त्यांना ती कमी जाणवली. काळ्या बाजारातून घेणारे दोन प्रकारचे होते: पैसेवाले आणि खेड्यातले मजूर. म्हणून या निर्णयाने गरिबांचं नुकसान झालं एवढंच सरसकट म्हणता येत नाही. शहरी कामगार आणि ठरीव पगाराचा कारकून सगळ्यात जास्त भरडला गेला.

मुंबईत भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाशी बांधलेला होता. भाव चढला की भत्ता चढायचा, भत्ता चढला की गिरणीचा खर्च चढायचा आणि तो कापडाच्या दरात यायचा. शिवाय निर्देशांक आज वाढला तरी भत्ता हातात पडायला वेळ लागे. मधल्या आठवड्यांत उधारीची वही वाढत जायची.

आता धान्याकडे. दर मोकळा केला की शेतकरी माल बाहेर काढेल, हे गृहीतक अंगलट आलं. कारण समजायला अवघड नाही. शेतसारा, सावकाराचा हप्ता, मीठ-तेल-कापड यांसाठी शेतकऱ्याला ठरावीक रोकड लागते. भाव दुप्पट झाला तर तेवढीच रोकड निम्म्या पोत्यांत उभी राहते. उरलेली पोती तो घरी खातो किंवा आणखी भाव चढेल म्हणून ठेवतो. युद्धकाळातल्या चढ्या भावांनी ऐपतदार शेतकऱ्याचं कर्ज बरंच फिटलेलं होतं. विकण्याची घाई त्याला नव्हती. लहान शेतकऱ्याला सुगीतच विकावं लागलं, आणि तो माल ज्याच्या गोदामात गेला त्याने वाट पाहिली. चढ्या भावाने माल वाढवण्याऐवजी आटवला. वरकड पीक असलेल्या भागात भाव खाली आणि तुटीच्या मुंबई इलाख्यात वर, अशी दरीही पडली, कारण प्रांताप्रांतांतल्या वाहतुकीवरचे निर्बंध सगळेच गेले नव्हते.

सरकारी वसुली घटली. रेशनवर अवलंबून असणारे लोक कमी झाले हे खरं, पण कोठारही रिकामं होत गेलं. १९४८ मध्ये सुमारे २८ लाख टन धान्य बाहेरून आणावं लागलं, त्याच्या आदल्या वर्षापेक्षा जास्त. आयात कमी करणं हा निर्णयाचा एक घोषित हेतू होता.

कापडाची गोष्ट अधिक दुःखद, कारण तिथे माघार टाळता आली असती असं मला ठामपणे वाटतं. धान्य लाखो शेतांत पिकतं; त्यावर नजर ठेवणं खरंच कठीण. मिलचं कापड काही शे गिरण्यांच्या दारातून बाहेर पडतं, त्यातल्या बऱ्याच मुंबई आणि अहमदाबादमध्ये. दारावरच दर छापता येतो, तसा तो जवळपास पाच वर्षं छापला गेलाही होता. असं असताना दोन्हींवरचं नियंत्रण एकाच तर्काने आणि दोनेक महिन्यांच्या अंतराने सैल केलं. मालकांनी दिलेला शब्द बाजारात टिकला नाही. गिरणीने समजा दर बेताचा ठेवला तरी मधल्या घाऊक व्यापाऱ्याला कुणी बांधलं नव्हतं. ग्राहकाने दिलेला जादा पैसा वाटेत कुठे राहिला याचा हिशेब लागत नव्हता. हातमागवाल्यांचे हाल वेगळेच. त्यांना सूत गिरण्यांकडूनच घ्यावं लागे, आणि कापडासोबत सुतावरची पकडही सुटली होती.

माघार

जुलैच्या शेवटी कापडावर नियंत्रण परत आलं. दराचा शिक्का पुन्हा छापला जाऊ लागला, आणि वाजवी दर ठरवण्याचं काम टॅरिफ बोर्डाकडे, म्हणजे आयातशुल्काबद्दल सल्ला देणाऱ्या सरकारी मंडळाकडे गेलं. ऑगस्टमध्ये चेट्टी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्या जागी जॉन मथाई आले. सरकारने देशातल्या अर्थतज्ज्ञांना बोलावून मत विचारलं. सप्टेंबरच्या अखेरीस धान्याची वसुली आणि रेशनिंग पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला महागाईविरुद्धचा कार्यक्रम जाहीर झाला: सरकारी खर्चात काटकसर, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा, युद्धकाळातल्या जादा नफ्यावरच्या कराचा जो परतावा कंपन्यांना द्यायचा होता तो लांबणीवर.

या शेवटच्या कलमाकडे लक्ष द्या. साचलेला पैसा अडवण्याचा विचार अखेर आला, झाकण काढून दहा महिने झाल्यावर.

निकाल

भावांची चढण थांबली. पण निर्देशांक ३०२ वर परत आला नाही, त्याच्या आसपासही नाही. नियंत्रण परत लावताना चढलेल्या भावांनाच पाया धरावं लागलं. ज्याने मधल्या महिन्यांत कमावलं त्याचं कमावलेलं टिकलं.

नियंत्रणाची पतही गेली. एकदा उठवलेलं नियंत्रण पुन्हा लावलं की प्रत्येकाला कळतं की ते पुन्हा उठूही शकतं. मग साठा करून वाट बघणं हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

वेगळं काय करता आलं असतं

योगायोग असा की भारतात नियंत्रणं परत येत होती त्याच उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीत ती उठत होती, आणि ती टिकून उठली. २० जून १९४८ ला तिथे जुना मार्क बाद झाला. प्रत्येक माणसाला सुरुवातीला ४० नवे मार्क मिळाले. बँकेतल्या १०० जुन्या मार्कांचे अखेरीस साडेसहा नवे झाले. पैसा असा छाटल्यावर तिथल्या आर्थिक कारभाराचे प्रमुख लुडविग एरहार्ड यांनी बऱ्याच वस्तूंचे दर मोकळे केले आणि दुकानांच्या काचांमागे माल दिसू लागला. तिथेही पुढचे काही महिने भाव वाढले, नोव्हेंबरमध्ये कामगारांनी सार्वत्रिक संप केला. तिथले सामान्य ठेवीदार अक्षरशः लुटले गेले. हे भारतात जसंच्या तसं करावं असं मी म्हणणार नाही. लष्करी ताब्यातल्या देशात जे जमतं ते निवडून आलेल्या आणि नव्याने उभ्या राहिलेल्या सरकारला झेपत नाही. पण क्रम त्यांचा बरोबर होता. निदान जादा नफ्यावरचा कर दोन वर्षांसाठी पुन्हा लावणं, परतावे आधीच रोखणं, एवढं तरी डिसेंबर १९४७ च्या घोषणेसोबत करता आलं असतं. तेव्हा ते केलं असतं तर सप्टेंबरची वेळ इतक्या लवकर आली नसती.

दुसरी गोष्ट कापडाची, ती वर आलीच. धान्य आणि कापड वेगळं काढून आधी एकाचा अनुभव घ्यायला हवा होता. माझ्या मते कापडावरचा शिक्का सगळ्यात शेवटी जायला हवा होता.

तिसरी, परतीची अट. कोणत्या आकड्याला थांबायचं हे आधी ठरलं नव्हतं. निर्देशांक चढताना महिनामागून महिना दिसत होता, पण जानेवारीनंतर प्रश्न हळवा झाला होता. गांधींची ती जवळजवळ शेवटची मागणी होती आणि ती मागे घेणं कुणाच्याही जिवावर आलं असतं. अशा वेळी आधी लिहून ठेवलेला आकडा मंत्र्यांच्या कामी आला असता. त्याची ढाल करून त्यांना मे महिन्यातच मागे फिरता आलं असतं.

आणि साठा. या मुद्द्याची परीक्षा पुढे प्रत्यक्षात झाली. १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजाजींनी तिथलं रेशनिंग उठवलं आणि केंद्रात अन्नमंत्री झालेल्या रफी अहमद किडवाई यांनी तीच वाट धरली. अनेकांना १९४८ आठवत होतं आणि भीती वाटत होती. पण या वेळी आधीच्या आयातीतून कोठारांत धान्य होतं, आणि १९५३-५४ ला पीक चांगलं आलं. सरकार दुकानांतून स्वतः धान्य विकत राहिलं, त्यामुळे वाट बघत बसलेल्या साठेबाजाला आपलाच माल सोडावा लागला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १९४८ च्या चढणीत ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. दोन्ही वेळचे आकडे त्यांच्या टेबलावरून गेले होते. जुलै १९५४ पर्यंत धान्यावरची नियंत्रणं गेली आणि भाव उसळले नाहीत, उलट पुढच्या वर्षी ते इतके पडले की शेतकऱ्याला आधार कसा द्यायचा याची चिंता सुरू झाली. त्याच जुलै महिन्यात ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग संपलं आणि तिथल्या शेवटच्या शिधापत्रिका रद्दीत गेल्या. त्यांनी मध्ये एकदाही एका दमात सगळं सोडून दिलं नव्हतं.